परक्या मुलखातील मातृत्व : महाराष्ट्रातील मिशनरी आणि निराधार मुलांचे दैनंदिन संगोपन (१८१३–१९२२)

प्रस्तावना

पनवेलहून निघालेला जुना रस्ता आज पळस्पे फाट्याजवळ दुभंगतो. एक वाट चौक-खोपोलीवरून बोरघाट चढून पुण्याकडे जाते, तर दुसरी कर्नाळ्यावरून कोकणात उतरते. लोहमार्ग होण्यापूर्वी मुंबईहून घाटावर जाणाऱ्या प्रवाशाने गलबतातून पनवेल बंदरात उतरावे आणि तेथून पुढे खुष्कीच्या मार्गाने बोरघाट गाठावा, हा प्रमुख परिपाठ होता. १८३० मध्ये बोरघाटातून चाकांची वाहने जाऊ शकतील असा रस्ता खुला झाला. १८६३ मध्ये घाटातील लोहमार्ग पूर्ण होऊन गाड्या थेट धावू लागल्या आणि पनवेलच्या वाटेचे महत्त्व ओसरले. तोपर्यंत फौजा, व्यापारी, सरकारी अधिकारी यांच्याप्रमाणेच परदेशी धर्मोपदेशक आणि त्यांची कुटुंबेही या परिसरातून ये-जा करीत असत. घाट चढणारा मिशनरी परक्यांच्या मुलांना शिकवण्यासाठी निघालेला असे. घाट उतरून मुंबई बंदराकडे येणारे मिशनरी कुटुंब पुष्कळदा स्वतःच्या मुलांना मायदेशी पोहोचवण्यासाठी निघालेले असे. या दोन प्रवासांमधील विसंगती हा प्रस्तुत लेखाचा आरंभबिंदू आहे.

महाराष्ट्रातील मिशनरी कार्याचा इतिहास बहुधा धर्मांतर, मुद्रण, शिक्षण आणि समाजसुधारणा या चार अंगांनी लिहिला गेला आहे. या चारही अंगांना आधार देणारे जे रोजचे काम होते, म्हणजे मुलांना उठवणे, जेवू घालणे, शिकवणे, आजारपणात त्यांच्या उशाशी बसणे आणि त्यांच्या खर्चाचा हिशेब दूरच्या देणगीदारांना पाठवणे, त्याकडे तुलनेने कमी लक्ष गेले. वास्तविक धर्मांतरासंबंधीचे सर्वांत तीव्र वाद याच कामाच्या भोवती उद्भवले. निराधार मुलावर अधिकार कोणाचा, हा प्रश्न सभागृहात निर्माण झाला नाही; तो भोजनगृहात आणि वसतिगृहात निर्माण झाला. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत आले तेव्हापासून १९२२ मध्ये पंडिता रमाबाईंचे निधन झाले तोपर्यंतच्या कालखंडात या दैनंदिन संगोपनाचे स्वरूप कसे बदलत गेले आणि त्यात परदेशी व्यक्तींचा व मराठी स्त्रियांचा वाटा कसा होता, याचा शोध येथे घेतला आहे.

आगमन आणि भाषेचा अडसर

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन बोर्डाचे मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यांना येथे राहू द्यावे की परत पाठवावे, याविषयी कंपनी सरकारची भूमिका प्रारंभी प्रतिकूल होती. पुढील वर्षी त्यांना येऊन मिळालेले सॅम्युएल न्यूएल हे एकटेच आले. त्यांची पत्नी हॅरिएट १८१२ मध्ये वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मॉरिशस येथे मरण पावली होती आणि तत्पूर्वी तिचे नवजात अपत्यही दगावले होते. अमेरिकेत तिची स्मृती पुढे कित्येक दशके पूजिली गेली. महाराष्ट्रातील अमेरिकन मिशनच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर असे एका बालकाचे आणि एका मातेचे मरण आहे. स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८२३ पासून कोकणात बाणकोट आणि हर्णै या ठिकाणी काम आरंभिले व शाळा काढल्या. त्यांनाही आजारपण आणि अकाली मृत्यू यांचा सामना करावा लागला.

जो कोणी येथे टिके त्याचा दिवस भाषेपासून सुरू होई. सकाळचे काही तास पंडिताजवळ बसून मराठी शिकण्यात जात. अमेरिकन मिशनचा मुंबईतील छापखाना १८१७ मध्ये मराठी मजकूर छापू लागला, तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे पहिल्या पिढीच्या हाती धड कोशही नव्हता. मोठ्यांशी वाद करण्यासाठी लागणारी ग्रंथांची भाषा पंडिताकडून मिळे. परंतु रडणाऱ्या मुलाला समजावण्याची, त्याचे काय दुखते ते विचारण्याची, त्याला रागे भरण्याची भाषा कोणत्याही पंडिताच्या पाठात नव्हती. ती आया, मोलकरणी आणि शाळेतील मुली यांच्याकडूनच शिकावी लागे. मुलांना शिकवण्यासाठी आलेली व्यक्ती प्रथम मुलांची विद्यार्थिनी होत असे, हे या नात्याचे पहिले वैशिष्ट्य होय.

शाळेचा दिवस : मार्गारेट विल्सन आणि सिंथिया फॅरार

मुलींची शाळा चालवणे हे प्रारंभी मिशनरी पत्नीचे काम समजले जाई आणि त्याला स्वतंत्र वेतन नसे. अमेरिकन मिशनने मुंबईत मुलींची पहिली शाळा १८२४ मध्ये काढली. डॉ. जॉन विल्सन यांच्या पत्नी मार्गारेट विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आल्या आणि अल्पावधीतच त्यांनी मुलींच्या अनेक शाळा सुरू केल्या. त्यांतील निराश्रित मुलींना त्यांनी निवासाची सोयही करून दिली. मराठी शिकणे, शाळांची पाहणी, लेखन, घरकाम आणि लहान मुलांचे संगोपन हे सर्व एकाच वेळी करीत असता एप्रिल १८३५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात ॲना आणि हे बेन या त्यांच्या बहिणी १८३७ मध्ये स्कॉटलंडहून येऊन तेच काम पुढे चालवू लागल्या. एका स्त्रीचे रोजचे काम किती होते, हे तिच्या मृत्यूनंतर दोघींना यावे लागले यावरून लक्षात येते.

अविवाहित स्त्रीला मिशनरी म्हणून परदेशी पाठवावे काय, हा त्या काळी अमेरिकेत विवाद्य प्रश्न होता. अमेरिकन बोर्डाने परदेशी पाठवलेल्या अगदी आरंभीच्या अविवाहित अमेरिकन स्त्रियांपैकी एक म्हणजे सिंथिया फॅरार होय. न्यू हॅम्पशायरमध्ये १७९५ साली जन्मलेल्या फॅरार १८२७ च्या अखेरीस मुंबईत पोहोचल्या आणि मुलींच्या शाळांची देखरेख त्यांच्याकडे आली. प्रकृतीच्या कारणास्तव त्या १८३७ मध्ये मायदेशी गेल्या. १८३९ मध्ये परतल्यावर त्यांनी अहमदनगर हे कार्यक्षेत्र निवडले आणि जानेवारी १८६२ मध्ये तेथेच त्यांचा देह पडला. जवळजवळ पस्तीस वर्षांच्या या सेवेला मध्ये एकाच परतीच्या प्रवासाचा खंड पडला.

अशा शाळेत वाचन, लेखन, अंकगणित, शिवणकाम आणि ख्रिस्ती धर्माचे प्रश्नोत्तररूप पाठ हे विषय असत. आरंभीच्या काळात शिक्षक बहुधा हिंदू पंतोजीच असत. पाहणी करणाऱ्या स्त्रीला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जावे लागे. मुलगी काही आठवडे येई आणि मग धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी, शेतातील कामासाठी किंवा लग्न ठरले म्हणून नाहीशी होई. त्यामुळे हजेरीपटावरील आकडा आणि प्रत्यक्ष शिकलेल्या मुली यांत मोठे अंतर राही. पालकांचा संशय, मुलीने शिकल्यास तिच्यावर संकट येते ही समजूत आणि धर्मांतराची भीती ही तिन्ही कारणे एकत्र काम करीत. एखाद्या घरातील कर्त्या पुरुषाने बाप्तिस्मा घेतल्याची वार्ता पसरली की शाळा ओस पडे आणि काही महिन्यांनी हळूहळू पुन्हा भरे.

फॅरारबाईंच्या शाळेचे महत्त्व मिशनच्या मर्यादेबाहेरही सिद्ध झाले. महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. त्यापूर्वी अहमदनगर येथील अमेरिकन मिशनमधील मुलींच्या शाळा आपण पाहिल्या होत्या, असे त्यांनी १८५३ मध्ये 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झालेल्या निवेदनात नमूद केले आहे. मिशनच्या शाळेतील धर्मशिक्षण जोतीरावांनी जसेच्या तसे उचलले नाही. परंतु शूद्रातिशूद्रांच्या मुलींना रोज एका जागी बसवून शिकवता येते, हा अनुभवसिद्ध पुरावा त्यांना तेथे मिळाला. एका परदेशी स्त्रीच्या रोजच्या, कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामाचे असे दूरगामी फल तिच्या वार्षिक अहवालात कोठेही मोजता येणारे नव्हते.

स्वतःची मुले

इतरांच्या मुलांना सांभाळणाऱ्या या कुटुंबांत स्वतःच्या मुलांचा प्रश्न सर्वांत कठीण होता. कॉलरा, हिवताप आणि आमांश यांमुळे मिशनरी कुटुंबांतील बालमृत्यू मोठ्या प्रमाणावर होत. जगलेली मुले आयेच्या मांडीवर मराठी बोलत वाढत. अनेकांच्या ओठी इंग्रजीआधी देशी भाषा येई. ही गोष्ट आईबापांना सोयीची वाटे, तशीच चिंतेचीही वाटे. ज्या समाजाला आपण सुधारू पाहतो त्याच्या संस्कारांत आपले मूल वाढत आहे, या जाणिवेने मुलांना पाच-दहा वर्षांचे झाल्यावर अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये नातेवाइकांकडे पाठवण्याची प्रथा रूढ झाली. अशी ताटातूट अनेकदा दशकभराची आणि कधी कायमची ठरे.

गॉर्डन हॉल यांच्या पत्नी १८२५ मध्ये मुलांना घेऊन अमेरिकेस निघाल्या आणि पुढच्याच वर्षी मार्चमध्ये हॉल हे दौऱ्यावर असता नाशिक परिसरात कॉलऱ्याने मरण पावले. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्म १८४७ मध्ये मुंबईत भायखळा येथे झाला. त्यांचे मिशनरी वडील १८५४ मध्ये मायदेशी जाताना समुद्रप्रवासातच निवर्तले आणि आईने मुलांना अमेरिकेत वाढवले. तेच ह्यूम १८७४ मध्ये मिशनरी होऊन महाराष्ट्रात परतले आणि पुढे अहमदनगरच्या दुष्काळकार्याचे सूत्रधार झाले. पुढील काळात डोंगराळ थंड हवेच्या ठिकाणी मिशनऱ्यांच्या मुलांसाठी निवासी शाळा निघाल्या. लंढोर येथील वुडस्टॉक (१८५४) आणि कोडाईकनाल येथील शाळा (१९०१) ही त्याची ठळक उदाहरणे होत. अशा शाळांमुळे मूल भारतातच राहू शकले, तरी ते आईबापांच्या घरी राहिले नाही. वसतिगृहात अनाथ मुले वाढवणाऱ्या मिशनऱ्यांची स्वतःची मुलेही शेवटी वसतिगृहातच वाढली, हे साम्य इतिहासकाराने नजरेआड करू नये.

दुष्काळ आणि निराधार मुले

१८७६–७८, १८९६–९७ आणि १८९९–१९०० या तीन दुष्काळांनी मिशनच्या संगोपनकार्याचे स्वरूप आमूलाग्र बदलले. पहिल्या दुष्काळाची झळ किती खोल होती, हे पळस्प्याशेजारच्या शिरढोण गावी जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडके यांच्या चरित्रावरून दिसते. दुष्काळात होरपळलेली प्रजा पाहून त्यांनी १८७९ मध्ये सशस्त्र उठाव केला. त्याच दुष्काळात १८७७ मध्ये जोतीराव फुले आणि त्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्यांनी पुण्याजवळ धनकवडी येथे 'व्हिक्टोरिया बालाश्रम' उघडून उपाशी मुलांना जेवू घातले. भुकेल्या मुलाचा प्रश्न अशा प्रकारे बंडखोर, सुधारक आणि मिशनरी या तिघांपुढेही एकाच वेळी उभा होता. उत्तरे मात्र निराळी होती.

पूर्वी मिशनच्या शाळेत येणारे मूल संध्याकाळी घरी जात असे. दुष्काळातील मुलाला घर उरलेले नव्हते. त्यामुळे दिवसाच्या काही तासांची जबाबदारी चोवीस तासांची झाली. अशी मुले कमालीची अशक्त असत. त्यांना एकदम पोटभर अन्न देणेही घातक ठरे. प्रथम पातळ पेज, मग हळूहळू भाकरी असा क्रम ठेवावा लागे. खरूज, डोळे येणे, अतिसार आणि गोवर यांच्या साथी दाट वस्तीच्या वसतिगृहात झपाट्याने पसरत. अंगावर कपडा, झोपायला घोंगडी, केसांतील उवा, पिण्याचे पाणी आणि विहिरीची खोली हे आता धर्मप्रचारकाच्या चिंतेचे विषय झाले. १८९६ नंतर प्लेगची भर पडली. मुलांना शहरातून हलवून उघड्या माळावर ठेवण्याची पाळी अनेक संस्थांवर आली.

अहमदनगर येथे ह्यूम यांनी अमेरिकेतून आलेल्या दुष्काळनिधीच्या वाटपाचे आणि अनाथांच्या व्यवस्थेचे काम केले. मुलांना केवळ अक्षरओळख देऊन भागणार नव्हते. मोठी झाल्यावर ती पोट कशावर भरणार, हा प्रश्न होता. म्हणून सुतारकाम, गालिचे विणणे, धातुकाम आणि विणकाम यांचे शिक्षण देणाऱ्या औद्योगिक शाळांना महत्त्व आले. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या नावाची अहमदनगरची औद्योगिक शाळा या प्रकारची होती. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे आलेले अभियंते डी. सी. चर्चिल यांनी हातमागात सुधारणा करण्याचे प्रयोग केले. दुष्काळात सापडलेल्या मुलाच्या पोटाची व्यवस्था करताना मिशन अशा रीतीने उद्योगशिक्षणाच्या क्षेत्रात आले.

या खर्चाचा मोठा भाग परदेशातील सामान्य वर्गणीदारांकडून येई. एखादे कुटुंब किंवा रविवारची शाळा एका मुलाचा वार्षिक खर्च उचले आणि त्या मुलाची हकीकत व शक्य तर छायाचित्र यांची अपेक्षा करी. त्यामुळे मिशनरी स्त्रीच्या दिवसाचा एक भाग पत्रलेखनात जाई. मुलाची कहाणी देणगीदाराला समजेल आणि त्याचे मन द्रवेल अशी लिहावी लागे. आजच्या अभ्यासकाला उपलब्ध असलेली बरीचशी साधने या गरजेतून जन्मली आहेत. त्यांत मूल बहुधा 'पूर्वी' आणि 'नंतर' अशा दोन चित्रांत दिसते. मधले दिवस, म्हणजे हट्ट, आठवणी, पळून जाण्याचे प्रयत्न, गावाची ओढ, यांना तेथे क्वचितच जागा मिळते. मिशनचे अहवाल वाचताना ही मर्यादा सतत ध्यानात ठेवावी लागते.

केडगावचे मुक्ती मिशन

परदेशी मिशनरी आणि मराठी कार्यकर्ती यांच्या संबंधांतील पारडे उलटे झाल्याचे उदाहरण म्हणजे केडगाव. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' उघडले आणि पुढील वर्षी ते पुण्यास हलवले. अमेरिकेतील वास्तव्यात त्यांनी बालोद्यान शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला होता आणि तिचा उपयोग त्या येथे करू पाहत होत्या. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्यात ठेवणे अशक्य झाल्यावर केडगावच्या शेतजमिनीवर वसाहत उभी राहिली. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आलेल्या मुलींची भर पडून तेथील संख्या दीड हजाराच्या पुढे गेली.

एवढ्या मोठ्या कुटुंबाचा दिवस घंटेवर चाले. धान्य निवडणे, दळणे, स्वयंपाक, विहिरीचे पाणी, गुरे, शेती, विणकाम, तेलघाणा आणि छापखाना ही कामे मुलींच्या गटांत वाटलेली असत. मोठ्या मुलीकडे लहान मुलींचा गट सोपवला जाई आणि कालांतराने तीच शिक्षिका किंवा देखरेख करणारी होई. अंध मुलींना शिकवण्याची व्यवस्था रमाबाईंची कन्या मनोरमा (१८८१–१९२१) हिने केली. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात स्त्रियांच्या हातून जुळले आणि त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये ग्रंथरूपाने बाहेर आले.

मिनी अब्राम्स ही अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी १८८७ मध्ये मुंबईत आली होती. तेथे वसतिशाळेचा अनुभव घेतल्यावर १८९८ मध्ये ती केडगावला रमाबाईंना येऊन मिळाली. रमाबाई अमेरिकेस गेल्या असता संस्थेची जबाबदारी तिने सांभाळली. पुढे इतर देशांतील स्त्रियाही तेथे आल्या. या सर्व परदेशी स्त्रिया एका भारतीय स्त्रीच्या नेतृत्वाखाली काम करीत होत्या, ही गोष्ट त्या काळच्या मिशनजगतात असाधारण होती. भोजन, पोशाख, भाषा आणि घरातील शिस्त या बाबतीत निर्णय रमाबाईंचा असे. पुण्यातील सुंदराबाई पवार यांच्यासारख्या सहकारी स्त्रियांनी दुष्काळातील मुलींच्या व्यवस्थेत मोठा भार उचलला. त्यांच्याविना परदेशी साहाय्याचा उपयोग करताच आला नसता.

पालक म्हणून रमाबाईंना सरकारशीही झगडावे लागले. आपल्या आश्रयाखालील एका मुलीला पुण्याच्या प्लेग रुग्णालयात नेल्यानंतर तिचे जे झाले, त्याविषयी त्यांनी मे १८९७ मध्ये 'बॉम्बे गार्डियन' या पत्रात कडक शब्दांत लिहिले. त्या तक्रारीचे पडसाद गोपाळ कृष्ण गोखले यांच्यामार्फत इंग्लंडपर्यंत पोहोचले. आश्रित मुलीचे काय झाले, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे, हे एका स्त्रीने साम्राज्याच्या यंत्रणेला बजावण्याचा हा प्रसंग होता.

संगोपन, धर्म आणि अधिकार

मिशनऱ्यांच्या संगोपनावर घेतला गेलेला मुख्य आक्षेप असा, की मुलाच्या भुकेचा उपयोग धर्मांतरासाठी होतो. या आक्षेपात तथ्य होते. अज्ञान मुलाला धर्माविषयी संमती देता येत नाही. अन्न, निवारा, शिक्षण आणि प्रेम ज्या हातांनी मिळते त्याच हातांनी धर्मही मिळाला, तर नकार देण्याचे स्वातंत्र्य नाममात्र उरते. मुलाचे नाव बदलले की त्याच्या मूळ गावाशी व नातलगांशी जोडणारा अखेरचा दुवाही क्षीण होई. १८९३ मध्ये शारदा सदनातील काही मुली ख्रिस्ती प्रार्थनेत सहभागी होतात, या प्रश्नावरून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर यांच्यासह सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात रमाबाईंचे जुने पाठीराखेच त्यांच्यापासून दुरावले, हे लक्षणीय आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्या मुलीसाठी हा वाद चाले, तिला दुष्काळाच्या वाटेवर उचलून घेणारे दुसरे कोणी बहुधा आलेले नसे. तिच्या जातीने, गावाने आणि सरकारनेही तिला सोडून दिलेले असे. टीकाकारांतील विचारी मंडळींनी हे ओळखले आणि म्हणून त्यांनी केवळ निषेध न करता पर्यायी संस्था उभ्या केल्या. पंढरपूर येथे प्रार्थना समाजाच्या आश्रयाने १८७५ मध्ये बालकाश्रम निघाला होता. पंजाबात लाला लजपतराय यांनी १८९७ आणि १८९९ च्या दुष्काळांत हिंदू अनाथांच्या रक्षणाची मोहीम चालवली. पुण्यात धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई या शारदा सदनाच्या विद्यार्थिनी होत्या. १९०९ मध्ये पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह सुरू झाले. मिशनच्या वसतिगृहाशी स्पर्धा करीत असतानाच या संस्थांनी त्याच्या दिनक्रमातील बऱ्याच गोष्टी स्वीकारल्या : ठरावीक वेळा, नोंदवह्या, वर्गणी, वार्षिक अहवाल आणि हस्तव्यवसाय.

तिसरी एक वाट मराठी ख्रिस्ती कुटुंबांनी दाखवली. रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या नगर जिल्ह्यातील घरात अनेक निराधार मुले वाढली. बालकवी ठोंबरे यांनाही टिळकांच्या घरी मुलासारखा आश्रय मिळाला आणि त्यासाठी त्यांना धर्म बदलावा लागला नाही. 'स्मृतिचित्रे' या आत्मकथनात या गजबजलेल्या संसाराचे जे दर्शन घडते, ते मिशनच्या अहवालांत सापडत नाही. तेथे मूल हे आकडा किंवा उदाहरण न राहता भांडणारे, हसणारे, आजारी पडणारे माणूस म्हणून भेटते. संगोपन संस्थेकडून कुटुंबाकडे सरकले की त्याची भाषाही बदलते, याचे हे उत्तम प्रमाण आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून काही बाबी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे, परदेशी मिशनऱ्यांच्या संगोपनकार्याची कक्षा शाळेच्या काही तासांपासून मुलाच्या संपूर्ण आयुष्यापर्यंत विस्तारली आणि या बदलाचे मुख्य कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील दुष्काळ हे होते. दुसरी, हे काम प्रामुख्याने स्त्रियांनी केले. त्यातील भाषा, स्वयंपाक, शुश्रूषा आणि देखरेख हा पाया मराठी स्त्रियांनी आणि संस्थेत वाढलेल्या मोठ्या मुलींनी घातला होता. मिशनच्या इतिहासात त्यांची नावे क्वचित आढळतात. म्हणून त्यांचा वाटा कमी होता असे मानणे सयुक्तिक नाही. तिसरी, या कामाची किंमत मिशनऱ्यांच्या स्वतःच्या मुलांनीही दिली. चौथी, संगोपन आणि धर्मप्रसार यांची सांगड घातल्यामुळे मुलाचे स्वातंत्र्य संकुचित झाले, आणि त्या सांगडीला झालेल्या विरोधातूनच महाराष्ट्रातील अनाथ मुलांच्या संस्थांना बळ मिळाले.

या इतिहासाचे मूल्यमापन करताना केवळ कृतज्ञता किंवा केवळ संशय यांवर विसंबणे अपुरे ठरते. मूल्यमापनासाठी चार प्रश्न विचारणे अधिक फलदायी होईल. मुलाला अन्न कोणी दिले? त्याला नाव कोणी दिले? मोठे झाल्यावर त्या घरातून बाहेर पडण्याची मुभा त्याला होती काय? आणि त्याची हकीकत कोणाच्या हातून लिहिली गेली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा मिशनच्या बाजूने जाते, तर उरलेल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे संस्थेगणिक आणि व्यक्तिगणिक वेगळी येतात. ती शोधायची असतील तर अहवालांबरोबर हजेरीपट, चर्चच्या नोंदवह्या, औद्योगिक शाळांचे कागद आणि त्या मुलांच्या आज हयात असलेल्या वंशजांच्या कौटुंबिक आठवणी यांकडे वळावे लागेल. अहमदनगर, सोलापूर, केडगाव आणि पुणे येथील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना हे काम आपल्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने हाती घेता येण्याजोगे आहे. ज्यांच्यासाठी एवढा वाद झाला, त्या मुलांचा स्वतःचा आवाज त्यातून काही अंशी तरी ऐकू येईल.